मळसूत्राच्या पोटात : वितळलेले प्लॅस्टिक कसे वाहते आणि कसे मिसळते

गावाच्या नळपाणी योजनेचे काम सुरू झाले की चराच्या कडेने काळ्या नळांची वेटोळी येऊन पडतात. काळ्या अंगावर निळ्या पट्ट्या आणि ठरावीक अंतरावर छापलेला मजकूर असे त्यांचे रूप आता खेडोपाडी परिचयाचे झाले आहे. समितीचे सभासद आणि शाखा अभियंता नळाची लांबी मोजतात, व्यास व जाडी पाहतात, मानकचिन्ह आहे की नाही याची खात्री करून घेतात. हे सर्व आवश्यकच आहे. तथापि हा नळ अपेक्षित पन्नास वर्षे पाण्याचा दाब सोसेल की थोड्याच वर्षांत तडकू लागेल, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या छापील मजकुरात सापडत नाही. ते कारखान्यातील एका पोलादी नळकांड्यात, जेमतेम चार-पाच मिलिमीटर खोल खाचेत, दोन-चार मिनिटांच्या अवधीत ठरून गेलेले असते. त्या खाचेत प्लॅस्टिकचा रस वाहतो कसा आणि त्यात घातलेली काजळी मिसळते कशी, हे समजून घेणे म्हणूनच केवळ अभियंत्यांच्या कुतूहलाचा विषय उरत नाही. ज्यांना नळ ताब्यात घ्यावयाचे असतात, त्यांचाही तो विषय आहे.

सोऱ्यापासून मळसूत्रापर्यंत

दिवाळीत चकली पाडण्याचा सोऱ्या प्रत्येक घरात असतो. पीठ आत भरावे, वरून दाबावे आणि खालच्या चकतीच्या छिद्राचा आकार घेऊन ते बाहेर यावे, ही त्याची रीत. पदार्थ दाबून साच्यातून बाहेर काढण्याच्या या क्रियेला शास्त्रीय परिभाषेत बहिःसारण म्हणतात. कारखान्यात मात्र सर्वांच्या तोंडी ‘एक्स्ट्रूजन’ हाच शब्द आहे. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये शिशाचे नळ काढण्यासाठी जे यंत्र योजिले ते तत्त्वतः सोऱ्याच होते. सोऱ्याची अडचण गृहिणींना ठाऊक आहे. पीठ संपले की थांबावे लागते. शेकडो मीटर लांबीचा अखंड नळ काढावयाचा तर न थांबता भरणारे व न थांबता दाबणारे साधन हवे, आणि ते मळसूत्राने मिळाले. १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये मॅथ्यू ग्रे यांनी अशा यंत्राचे पेटंट घेतले. १९३५ मध्ये जर्मनीत पॉल ट्रोस्टर यांनी खास प्लॅस्टिकसाठी तसे यंत्र तयार केले. तेलगिरणीतील एक्सपेलर पाहिलेल्या माणसाला हे यंत्र परके वाटणार नाही. आडवे नळकांडे आणि त्यात फिरणारा मळसूत्री दांडा, एवढाच त्याचा मुख्य संसार.

पॉलिएथिलीन हे प्लॅस्टिक १९३३ मध्ये इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत हाती लागले. नळांसाठी लागणारा त्याचा अधिक घन प्रकार कमी दाबाखाली तयार करण्याची रीत १९५३ मध्ये कार्ल त्सिग्लर यांनी शोधली. कारखान्यात हे प्लॅस्टिक साबुदाण्याहून थोड्या मोठ्या दाण्यांच्या रूपात येते. दाणे हॉपरमधून नळकांड्यात पडतात, पुढे सरकतात, वितळतात, मिसळतात आणि अखेरीस डायमधून नळ होऊन बाहेर येतात.

पुढे सरकतात, असे म्हणणे सोपे आहे. ते का सरकतात हे मात्र पाहण्याजोगे आहे. बोल्टवर नट चढवून बोल्ट फिरवला आणि नट मोकळा सोडला, तर नट बोल्टबरोबर जागच्या जागी फिरत राहतो. नट हाताने धरून ठेवला, तरच तो आट्यांवरून पुढे सरकतो. येथे प्लॅस्टिकने नटाची भूमिका करावयाची असते. त्याला धरून ठेवणारा हात म्हणजे नळकांड्याची आतली भिंत. दाणे भिंतीला चांगले घासले गेले आणि मळसूत्रावरून मात्र सहज निसटले, तरच माल पुढे जातो. डार्नेल आणि मॉल यांनी १९५६ मध्ये या घर्षणाचे गणित मांडले. मळसूत्र गुळगुळीत ठेवतात, आणि पॉलिएथिलीनच्या नळांच्या पुष्कळ यंत्रांत नळकांड्याच्या सुरुवातीच्या भागाला आतून खाचा पाडतात, ते याच कारणासाठी.

वितळण्याचे गुपित

नळकांड्यावर विजेचे तापक बसविलेले असल्यामुळे प्लॅस्टिक त्यांच्याच उष्णतेने वितळते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्लॅस्टिक हा उष्णतेचा फार मंद वाहक आहे. पोलादाच्या तुलनेत त्याची वाहकता शंभरपटीहूनही कमी. नुसत्या तापकांवर विसंबले, तर भिंतीलगतचा थर करपेल आणि आतले दाणे कच्चे राहतील. बहुतेक उष्णता मोटारीतून येते. दाट रसाचे थर एकमेकांवर घासत सरकतात आणि त्या घासण्यातूनच उष्णता निर्माण होते. दोन थर परस्परांवरून असे सरकण्याला ‘कर्तन’ म्हणतात. हा शब्द पुढे वारंवार येणार आहे.

वितळणे नेमके कसे घडते हे पुष्कळ काळ कोणी पाहिले नव्हते. पोलादाच्या आत पाहणार तरी कसे? अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीतील बी. एच. मॅडॉक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक साधी पण कष्टाची युक्ती योजली. दाण्यांत थोडे रंगीत दाणे मिसळून यंत्र चालवावे, मध्येच एकाएकी थांबवावे, नळकांडे झपाट्याने थंड करावे आणि गोठलेल्या प्लॅस्टिकसह मळसूत्र बाहेर काढावे. मग खाचेतील प्लॅस्टिकची पट्टी उलगडून तिचे जागोजागी काप घ्यावेत. त्या कापांत सारा वृत्तांत रंगांनी उमटलेला दिसला. दाणे खाचेत दाटीवाटीने बसून त्यांचा एक घट्ट थर होतो. तो भिंतीलगत वितळतो, आणि त्या वितळलेल्या पातळ पापुद्र्याला मळसूत्राची धार खरवडून आपल्यापुढे गोळा करते. पुढे पुढे रसाचे हे डबके रुंद होत जाते आणि दाण्यांचा थर आक्रसत जातो. १९६६ मध्ये झेहेव ताडमोर यांनी या निरीक्षणांना गणिताची बैठक दिली.

दाण्यांचा थर सुव्यवस्थितपणे संपला तर ठीक. तो मध्येच फुटला, तर त्याचे तुकडे रसात तरंगू लागतात. एकदा सभोवार रस झाला की ते भिंतीला घासत नाहीत, आणि घासले जात नाहीत म्हणून लवकर वितळतही नाहीत. असे अर्धेकच्चे कण शेवटपर्यंत पोचले, तर नळाच्या अंगात ते व्यंग म्हणून राहतात.

ढवळण्याने जे होत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाण्यात रंगाचा थेंब टाकून चमचा फिरवला की क्षणात सर्व पाणी रंगते. पाणी खळाळते, त्यात लहानमोठे भोवरे उठतात, आणि मिसळण्याचे काम ते भोवरेच करतात. वितळलेल्या पॉलिएथिलीनमध्ये भोवरा उठत नाही. त्याचा दाटपणा, म्हणजेच विष्यंदिता, पाण्याच्या सुमारे दहा लाखपट असते. मधदेखील त्याच्यापुढे पातळच म्हणावा लागेल. प्रवाह खळाळता होईल की नाही हे अजमावण्यासाठी अभियंते रेनॉल्ड्स अंक वापरतात. नळातून वाहणारे पाणी खळाळू लागते तेव्हा हा अंक दोन हजारांच्या पुढे गेलेला असतो. मळसूत्राच्या खाचेतील प्लॅस्टिकसाठी तो एकाच्या हजाराव्या भागाइतका असतो. प्रवाह अत्यंत शिस्तीचा, थरावर थर सरकणारा असा राहतो.

या शिस्तीचा परिणाम किती विलक्षण होतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९६० च्या दशकातील एका शैक्षणिक चित्रपटात दाखविले आहे. एका नळकांड्यात दुसरे नळकांडे ठेवून मधल्या फटीत दाट द्रव भरलेला आहे. त्यात रंगाचा ठिपका सोडून आतले नळकांडे काही फेरे फिरवले जाते. रंग पसरून पुसट होतो. मिसळला असेच पाहणाऱ्याला वाटते. मग तेवढेच फेरे उलट दिले जातात आणि तो ठिपका जवळजवळ जसाच्या तसा परत येतो! रंग मिसळलेला नव्हताच, केवळ ताणला गेला होता. विज्ञानाच्या शिक्षकांना हा प्रयोग ग्लिसरीन किंवा दाट पाक घेऊन वर्गात करून दाखविता येईल.

दाट पदार्थ मिसळण्याची खरी रीत घरातल्या परातीत पाहावयास मिळते. कणीक कोणी ढवळत नाही, ती तिंबतात. गोळा दाबून पसरावयाचा, दुमडावयाचा, वळवून पुन्हा दाबावयाचा. प्रत्येक दुमडीगणिक पदर दुप्पट होतात. दहा दुमडींत १,०२४ आणि वीस दुमडींत दहा लाखांहून अधिक. नुसते एकाच दिशेने ताणत राहिल्यास मात्र पदर सावकाश, फक्त ताणाच्या प्रमाणात पातळ होतात. मळसूत्राच्या खाचेत दोन्हींपैकी काय घडते?

समजण्याच्या सोयीसाठी मळसूत्र स्थिर आहे आणि नळकांडेच फिरते आहे अशी कल्पना करावी. भिंत रसाला आपल्याबरोबर ओढते, परंतु ती ओढ खाचेच्या दिशेशी तिरपी असते. तिचा एक भाग रसाला खाचेतून पुढे नेतो. दुसरा भाग खाचेला आडवा असतो. तो वरच्या थराला धारेवर नेऊन आपटतो. तेथे थर खाली वळतो, तळाशी येऊन उलट दिशेने सरकतो आणि पलीकडच्या धारेशी पुन्हा वर चढतो. पुढे जाणे आणि आडवे फिरणे या दोहोंच्या संयोगाने प्रत्येक कणाची वाट सुंभाच्या पिळासारखी होते. डायच्या अडथळ्यामुळे रस मागे परततो असे सैलपणे म्हटले जाते, पण ते खरे नाही. साध्या एकमळसूत्री यंत्रात अडथळ्यामुळे पुढची गती मंदावते, पिळाचे वेढे वाढतात. परंतु दांड्याच्या दिशेने पाहता कोणताही कण मागे जात नाही.

या फिरतीत एक उणीव आहे. खाचेच्या तळापासून दोन तृतीयांश उंचीवर आडवी गती शून्य असते. तेथला रस ना वर जातो ना खाली. तो सर्वांत सरळ वाटेने निघून जातो. सरासरी कण यंत्रात जेवढा वेळ राहतो त्याच्या तीन चतुर्थांश वेळातच तो बाहेर पडतो आणि त्याच्या वाट्याला कर्तनही सर्वांत कमी येते. शाळेत मधल्या रांगेत बसून कोणाच्याही नजरेत न भरता वर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यासारखी त्याची स्थिती असते. ही रांग मोडण्यासाठी मळसूत्राच्या टोकाकडे खुंट्या, फटी किंवा विविध आकारांचे मिश्रण-भाग बसवितात. ते प्रवाह तोडतात, वळवितात आणि पुन्हा जोडतात. दुसऱ्या शब्दांत, दुमडण्याचे काम करतात.

कालवणे आणि घोटणे

इंग्रजीत जेथे एका ‘मिक्सिंग’ शब्दावर भागवितात, तेथे मराठीत कालवणे, मळणे, फेटणे, खलणे, घोटणे असे निरनिराळे शब्द आहेत, आणि या शास्त्रात तो भेद फार उपयोगी पडतो. पिठल्याचे उदाहरण घ्यावे. पीठ सर्वत्र सारखे पसरविणे हे कालवणे. त्यात गुठळी झाली, तर नुसते कालवून ती मोडत नाही. ती पातेल्यात इकडून तिकडे फिरते एवढेच. तिला पळीने कडेशी दाबून चिरडावे लागते. हे घोटणे. कालवण्यासाठी ताणणे आणि दुमडणे पुरेसे होते. घोटण्यासाठी गुठळीच्या चिवटपणाहून मोठा ताण तिच्यावर यावा लागतो, आणि प्रत्येक गुठळी त्या ताणातून निदान एकदा तरी जावी लागते.

काळ्या नळातील काजळीला दोन्ही लागतात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून पॉलिएथिलीनचे रक्षण करण्यासाठी ही बारीक काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातली जाते. पाणीपुरवठ्याच्या नळांसाठी असलेल्या आय.एस. ४९८४ या भारतीय मानकात तिचे प्रमाण २.५ टक्के, अधिक किंवा उणे अर्धा टक्का, असे ठरविले आहे आणि ती समप्रमाणात विखुरलेली असावी अशीही अट आहे. काजळीचे मूळ कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म, पण ते सुटे राहत नाहीत. परस्परांना चिकटून गुठळ्या करतात. गुठळीने किरण नीट अडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे दाबाखालील नळाच्या अंगात ती बारीक खड्यासारखी राहते आणि तडा पुष्कळदा तिच्यापासूनच सुरू होतो. उलट काजळी जेथे पोचलीच नाही तेथे फिकट रेघा राहतात. दोन नळ तापवून टोकाला टोक जोडताना अशा रेघा सांध्यात आल्या, तर सांधा दुबळा होतो.

घोटण्याचे अवघड काम बहुधा आधीच, दुसऱ्या यंत्रावर उरकलेले असते. तेथे दोन मळसूत्रे एकमेकांत अडकून एकाच दिशेने फिरतात आणि त्यांच्यावरील चकत्या माल अक्षरशः तिंबून काढतात. जर्मनीतील बायर कंपनीत रूडॉल्फ एर्डमेंगर यांनी १९४० च्या दशकात या यंत्राचा पाया घातला. अशा यंत्रावर तयार झालेले, काजळीने गच्च भरलेले दाणे ‘मास्टरबॅच’ या नावाने विकले जातात. त्यात काजळी ४० टक्के आहे असे धरले, तर १०० किलो मालात सव्वासहा किलो मास्टरबॅच लागेल. म्हणजे साधारण दर सोळा दाण्यांत एक काळा. हा एक दाणा उरलेल्या पंधरांत सूक्ष्मदर्शकाच्या पातळीपर्यंत पसरविणे ही नळ काढणाऱ्या एकमळसूत्री यंत्राची जबाबदारी असते.

तेथेही घोटण्याची थोडी सोय करता येते. युनियन कार्बाइडमधीलच लिरॉय यांना १९६९ मध्ये पेटंट मिळालेला आणि मॅडॉक यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला मिश्रण-भाग याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात रस ज्या उभ्या खाचेत शिरतो तिचे पुढचे तोंड बंद असते. बाहेर पडण्यासाठी त्याला शेजारच्या खाचेत जावे लागते, आणि तेही अरुंद फटीतूनच. ओलांडताना प्रत्येक कणावर एकदा जबर ताण येतो, आणि अर्धवट वितळलेला दाणा फटीपाशी अडतो. एखाद्या जकातनाक्यासारखी ही रचना आहे. कोणाची नजर चुकवून पुढे जाता येत नाही.

एक गोष्ट मात्र या यंत्राला साधत नाही. खाचेच्या रुंदीत आणि खोलीत ते बरे मिसळते, परंतु लांबीच्या दिशेने, म्हणजे आधी आलेला माल आणि मागाहून आलेला माल यांच्यात, ते फारसे मिसळू शकत नाही. कण मागे जातच नसल्यामुळे ते कसे व्हावे? मास्टरबॅच सोडणारा फीडर पाच मिनिटे अडखळला, तर तेवढ्या वेळात निघालेला नळ काजळीवाचून उपाशीच राहतो. पुढचा-मागचा नळ उत्तम आणि मधला तुकडा सदोष, असे त्यातून घडते. वेटोळ्याच्या एकाच टोकाचा नमुना तपासून सगळ्या मालाची ग्वाही देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

वेगाचा मोह

कारखानदाराला उत्पादन हवे असते, आणि मळसूत्राचे फेरे वाढविले की ते वाढते. फेरे वाढल्याने ताण वाढतो, मग घोटणेही सुधारेल, असा तर्क सहज सुचतो. तो पुरता खरा ठरत नाही. प्लॅस्टिकचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. प्रवाह वेगवान झाला की ते प्रवाहाच्या दिशेने ओळीत येतात आणि रस पातळ होतो. पाण्याच्या बाबतीत असे घडत नाही. बहुवारिकांच्या या चमत्कारिक वर्तनावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी दीर्घकाळ संशोधन केले. घासण्याची उष्णता वाढून तापमान चढते, त्यामुळे रस आणखी पातळ होतो. पातळ रसात गुठळीवर पुरेसा ताण येत नाही. शिवाय माल यंत्रात राहण्याचा वेळ घटतो आणि दाण्यांचा थर वितळून संपण्याची जागा डायच्या दिशेने पुढे सरकते. बाहेर पडणारा नळ दिसावयास तितकाच काळा आणि तितकाच चकचकीत! मळसूत्र त्या वेगासाठीच आखलेले असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या मळसूत्रावर नवा वेग लादणे हा मात्र खरा दोष होय.

पी.व्ही.सी.च्या नळांची गोष्ट याहून निराळी आहे. ते प्लॅस्टिक जास्त तापले की विघटन पावते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडते. त्यामुळे ते बहुधा उलटसुलट फिरणाऱ्या जोड मळसूत्रांवर, कमी घासत काढतात. कचऱ्यातून गोळा केलेल्या मिश्र प्लॅस्टिकची अडचण आणखी वेगळी. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन रूपाने सख्ख्या भावांसारखे असले, तरी वितळूनही एकजीव होत नाहीत. कोणतेही मळसूत्र त्यांचे बारीक थेंब करील, विरघळवू शकणार नाही. प्लॅस्टिक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत वर्गीकरणाचा जो आग्रह धरला जातो, त्यामागे हे कारण आहे.

काळ्या नळाची परीक्षा

मिसळ नीट झाली की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नसले, तरी ते कळण्याचे मार्ग आहेत आणि ते फार खर्चाचे नाहीत. काजळीचे प्रमाण पाहण्यासाठी नमुना नायट्रोजन वायूच्या प्रवाहात तापवितात. प्लॅस्टिक वायुरूपाने निघून जाते, काजळी मागे उरते आणि ती तोलता येते. ही परीक्षा किती काजळी आहे ते सांगते, कशी पसरली आहे ते सांगत नाही. प्रमाण अचूक आणि मिसळ निकृष्ट असा नळ या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो! त्यासाठी दुसरी परीक्षा आहे. नळाच्या जाडीतून मोहरीएवढे कण निरनिराळ्या ठिकाणांहून घेऊन ते काचपट्ट्यांमध्ये तापवून दाबतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे शंभरपट मोठे करून पाहतात. चांगल्या नमुन्यात सर्वत्र सारखा धूसर करडा रंग दिसतो. वाईट नमुन्यात काळे ठिपके किंवा फिकट नागमोडी रेघा दिसतात, आणि त्या रेघांचा पीळ पाहिला की खाचेतील त्या आडव्या फिरतीची आठवण व्हावी.

नळ ताब्यात घेताना पुरवठादाराकडून जी चाचणी-प्रमाणपत्रे मागविली जातात, त्यांत या दोन्ही परीक्षांचे निकाल स्वतंत्रपणे दिलेले आहेत काय आणि प्रमाणपत्रावरील लॉट क्रमांक नळावर छापलेल्या क्रमांकाशी जुळतो काय, हे पाहावयास अभियांत्रिकीच्या पदवीची गरज नाही. शंका असल्यास वेटोळ्याची दोन्ही टोके आणि वेगवेगळ्या लॉटमधील तुकडे घेऊन ते तपासणीस पाठविता येतात. छत्रपती संभाजीनगर येथे केंद्र शासनाच्या ‘सिपेट’ या संस्थेचे केंद्र आहे आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंची चाचणी हा त्या संस्थेच्या कामाचाच भाग आहे. तुकडे पाठविताना प्रत्येकावर कोणत्या वेटोळ्याचे कोणते टोक ते खडूने नव्हे, तर न पुसणाऱ्या शाईने लिहावे. नळ काळा असल्याने शाई पांढरी घ्यावी लागते.